वॉरंटीतली गाडी वर्कशॉपमध्ये अडकलीय? ती कुठल्या रांगेत उभी आहे ते आधी शोधा

गाडी वॉरंटीत आहे, बिघाड खरा आहे, खर्च कंपनी करणार आहे, तरी गाडी तीन आठवडे वर्कशॉपच्या भिंतीला लागून उभी. मुंबईत हे वारंवार घडतं. रोज फोन करून ‘गाडी कधी मिळेल?’ विचारलं की सर्व्हिस ॲडव्हायझर ‘परवा’ म्हणतो, कारण नेमकी तारीख त्यालाही ठाऊक नसते. त्याला विचारा, ‘गाडी आत्ता कशासाठी थांबली आहे?’

उत्तरं चारच असू शकतात. बे, म्हणजे गाडी कामाला लावायची जागा, रिकामा नाही. दोष शोधणारा टेक्निशियन मोकळा नाही. कंपनीची मंजुरी आलेली नाही. पार्ट आलेला नाही. या चार वेगवेगळ्या रांगा आहेत, प्रत्येकीच्या टोकाला वेगळा माणूस बसलेला आहे. पार्टसाठी थांबलेल्या गाडीबद्दल फ्लोअर सुपरवायझरशी वाद घालून काही हलत नाही, आणि मंजुरीसाठी थांबलेल्या गाडीबद्दल स्पेअर्स काउंटरला काही माहीत नसतं.

माणूस कमी का पडतो

ऑइल बदलणारे, ब्रेक साफ करणारे हात बहुतेक वर्कशॉपमध्ये असतात. स्कॅनर लावून, वायरिंग डायग्राम वाचून, मल्टिमीटरने एकेक सर्किट तपासून दोष पकडणारे मात्र एखाद-दोनच असतात. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. तिथून बाहेर पडलेला मुलगा इंजिन उघडू शकतो; पण आजच्या गाडीत इंजिन, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग या सगळ्यांची वेगळी कंट्रोल युनिट्स एकाच वायरिंगवरून एकमेकांशी बोलत असतात, आणि त्यातला बिघाड पकडायला तो कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आणि जुन्या टेक्निशियनच्या हाताखालीच शिकतो. त्यात वर्षं जातात. हात तयार झाला की बरेच जण स्वतःचं गॅरेज टाकतात, आखातात जातात किंवा जास्त पगारावर दुसऱ्या ब्रँडकडे जातात. इलेक्ट्रिक गाडीत तर आणखी अडचण. हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस रजेवर असेल तर बॅटरी पॅकला दुसऱ्या कुणी हात लावूच नये, आणि तसं सांगून थांबवलं तर ते बरोबरच आहे.

दुसरं कारण पैशाचं. वॉरंटीच्या कामाची मजुरी डीलरला कंपनी देते, तीही प्रत्येक कामाला ठरवून दिलेल्या तासांच्या हिशेबाने. एसीचा कंप्रेसर बदलायला किती वेळ धरायचा हे छापलेलं असतं. पण ‘कधीतरी येणारा आवाज’ शोधण्यात अर्धा दिवस गेला, तर त्याची पूर्ण मजुरी मिळणं कठीण. म्हणून महिनाअखेरीला बिलिंगचं टार्गेट डोक्यावर असताना अपघाताच्या आणि रोख बिलाच्या गाड्या पुढे सरकतात, वॉरंटीच्या मागे राहतात. ग्राहकाच्या दृष्टीने हा अन्यायच आहे. पण त्याचा राग टेक्निशियनवर काढू नका. तो विरार, बदलापूर, दिव्याहून लोकलने येतो, कामाच्या वाटपात त्याचा शब्द चालत नाही, आणि तुमचा दोष पकडणारा माणूसही शेवटी तोच आहे.

यातून अपॉइंटमेंटचा नियम निघतो. मंगळवार ते गुरुवार, सकाळची पहिली वेळ, महिन्याचा दुसरा किंवा तिसरा आठवडा. शनिवारी पिरिऑडिक सर्व्हिसची झुंबड असते आणि सोमवारी ती उरलेली असते. गणपतीच्या आधीचे दोन आठवडे टाळा. कोकणात जाणाऱ्या गाड्यांनी बे भरलेले असतात. जोराचा पाऊस होऊन हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे भागात पाणी भरलं की पुढचे दोन-तीन आठवडे इंजिनात पाणी गेलेल्या गाड्या टोइंगवरून येत राहतात. शिवाय लोकल बंद पडली त्या दिवशी निम्मे टेक्निशियन पोचलेलेच नसतात. रेड ॲलर्ट असेल तर निघण्याआधी फोन करा. फोनवर एवढंच विचारा: ‘इलेक्ट्रिकल डायग्नोसिस करणारे टेक्निशियन त्या दिवशी ड्युटीवर आहेत का? त्यांचा दीड तास माझ्या गाडीसाठी धरून ठेवता येईल का?’

चालणारी गाडी सोडून येऊ नका

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गाडी सुरक्षितपणे चालत असेल तर तिला दोनदा न्या. पहिल्या फेरीत फक्त दोष शोधणं, फोटो, स्कॅनरचा रिपोर्ट आणि क्लेमची तयारी. मग गाडी घरी. मंजुरी आली, पार्ट काउंटरवर आला, टेक्निशियनचा दिवस ठरला की दुसरी फेरी. चारपैकी दोन रांगांत गाडी तुमच्याच पार्किंगमध्ये उभी राहते. ‘गाडी लावून जा, बघतो’ असं ॲडव्हायझर सांगतो, कारण गाडी आवारात असली की ती दुसऱ्या वर्कशॉपला जात नाही.

काही बाबतीत मात्र गाडी हलवूच नका. ऑइल प्रेशरचा लाल दिवा, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात, ब्रेकचा लाल दिवा, पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास, इलेक्ट्रिक गाडीत हाय व्होल्टेजची सूचना, आणि लुकलुकणारा चेक इंजिन दिवा. शेवटचा मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरात इंधन नीट न पेटल्याचा असतो, आणि तशीच गाडी पळवली तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. अशा वेळी ‘दिवा दिसत असूनही गाडी चालवली’ हे क्लेम नाकारायचं सबळ कारण ठरतं. रोडसाइड असिस्टन्सला फोन करा. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडीसाठी फ्लॅटबेडच मागा. पुढची चाकं उचलून ओढत नेलेली गाडी मागच्या चाकांनी चालणारी निघाली, तर नव्या नुकसानीचा वाद वेगळाच सुरू होतो.

जॉब कार्डवर काय लिहून घ्यायचं

जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना बनणाऱ्या तक्रारीच्या कागदावर, ‘एसी कूलिंग कमी’ एवढं लिहिलं की टेक्निशियन दुपारी गाडी सुरू करतो, गार हवा येते, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी परत. तुमची तक्रार अशी हवी: ‘सिग्नलला उभी असताना तीन-चार मिनिटांत गरम हवा, वेग ४० च्या पुढे गेला की पुन्हा गार, दुपारी जास्त.’ एवढं वाचून जाणता माणूस आधी कंडेन्सरचा पंखा आणि गॅसचं प्रेशर बघतो, कारण धावत्या गाडीत वारा जे काम करतो ते उभ्या गाडीत पंख्याला करावं लागतं. इतर बिघाडांतही तेच: इंजिन थंड की तापलेलं, कितवा गिअर, किती वेग, चढ की सपाट, पावसात की कोरड्यात, आठवड्यात किती वेळा. निदान स्वतः सांगू नका. ‘कंप्रेसर गेलाय’ असं लिहिलं तर फक्त कंप्रेसरच तपासला जातो.

कधीमधी येणाऱ्या दोषाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. त्यात डॅशबोर्ड, किलोमीटर आणि आवाज तिन्ही यावेत. चालक स्वतः असाल तर शेजारच्याला काढू द्या. ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर दोषाचे कोड दाखवणारं छोटं यंत्र) असेल तर कोड वाचून स्क्रीनशॉट ठेवा. पी०३०० म्हणजे मिसफायर, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता घटलेली. कोड पुसू मात्र नका आणि बॅटरीची वायरही काढू नका. दोष आला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान कंट्रोल युनिट साठवून ठेवतं. ते पुसलं गेलं की टेक्निशियनच्या हातातला सगळ्यात चांगला पुरावा गेला.

जॉब कार्डवर तारीख, वेळ, किलोमीटर, इंधनाची पातळी, ‘वॉरंटी’ हा शब्द आणि अपेक्षित डिलिव्हरीची तारीख आहे ना ते पाहूनच सही करा. वॉरंटी संपायला महिना उरला असेल तर जॉब कार्ड आजच उघडा, मग पार्ट दोन महिन्यांनी आला तरी चालेल. दोष मुदतीत नोंदवला होता याचा पुरावा तोच कागद आहे.

मंजुरी कुठे अडते

छोट्या क्लेमला डीलर स्वतः मान्यता देऊ शकतो. इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो, बॅटरी पॅक यांसारख्या महागड्या कामाला कंपनीची आगाऊ मंजुरी लागते. त्यासाठी फोटो, स्कॅनर रिपोर्ट, सर्व्हिस हिस्टरी अपलोड होते आणि कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर ती पाहतो. एक फोटो धूसर असला किंवा एक मोजमाप राहिलं की क्लेम परत येतो, आणि ते मोजमाप घ्यायला पुन्हा तोच एखाद-दोन जणांपैकी टेक्निशियन लागतो. मंजुरीला आठवडा लोटला की विचारा: ‘क्लेम कोणत्या तारखेला पाठवला? कंपनीने काही शंका काढली आहे का? ती काय?’ पुष्कळदा कळतं की क्लेम अजून पाठवलेलाच नाही.

नकाराची मुंबईतली नेहमीची कारणं आधीच माहीत असावीत. पहिलं, चुकलेली सर्व्हिस. इथे वर्षभरात गाडी चार हजार किलोमीटरच चालते, म्हणून लोक दहा हजारांची वाट पाहतात. बुकलेटमध्ये किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, आणि जे आधी येईल ते धरतात. दुसरं, उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुरतडलेली वायरिंग वॉरंटीत बसत नाही. ती विम्यात बसते का ते पॉलिसी वाचून पाहा. तिसरं, साचलेल्या पाण्यात गाडी घालून इंजिनात गेलेलं पाणी. तेही वॉरंटीबाहेर, आणि साध्या विम्यातही इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नसेल तर वाद होतो. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा स्टार्ट करू नये ती यासाठीच. चौथं, बाहेरून बसवलेला सीएनजी किट, वायर कापून जोडलेला हॉर्न किंवा डॅशकॅम. इथे सरसकट नकार मान्य करू नका. बाहेरच्या डॅशकॅममुळे सस्पेन्शनचा क्लेम कसा बाद होतो, असं लेखी विचारा. नाकारलेला भाग आणि केलेला बदल यांचा संबंध दाखवायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर यायला हवी.

क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर झिजणारे म्हणून सहसा वगळलेले असतात. टायर आणि १२ व्होल्टची बॅटरी यांची वॉरंटी त्यांच्या उत्पादकाकडे असते, तिथे थेट गेलात तर वेळ वाचतो. डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदला तर ‘वापराची सवय’ म्हणून हात वर केले जातात. दादर ते परळ अशा छोट्या फेऱ्यांत तो फिल्टर काजळी जाळण्याइतका तापतच नाही. सूचना येताच ईस्टर्न फ्रीवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं न थांबता, मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने गाडी चालवा, आणि चालवल्याची तारीख लिहून ठेवा.

पार्टची रांग

‘पार्ट ऑर्डर केलाय’ याला अर्थ नाही. पाच गोष्टी लेखी मागा: पार्ट नंबर, ऑर्डर नंबर, ऑर्डरची तारीख, ऑर्डरचा प्रकार, कंपनीने दिलेली अपेक्षित तारीख. प्रकार महत्त्वाचा, कारण गाडी बंद पडून असेल तर तातडीची ऑर्डर टाकता येते, तिला व्हीओआर (व्हेइकल ऑफ रोड) म्हणतात. साध्या स्टॉक ऑर्डरमध्ये तोच पार्ट मागे राहतो. ऑर्डर तुमच्या १७ अंकी-अक्षरी चासी नंबरवर टाकली आहे ना तेही बघा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत सेन्सर वेगळा असतो. दहा दिवस थांबून चुकीचा पार्ट येण्याचं हे नेहमीचं कारण. पार्ट बॅक ऑर्डरवर, म्हणजे कंपनीकडेच शिल्लक नसेल तर ठाणे, नवी मुंबई, पुण्याच्या डीलरकडे तोच नंबर आहे का विचारायला सांगा. पार्ट नंबर हातात असेल तर तुम्ही स्वतःही त्या काउंटरना फोन करू शकता.

कंट्रोल युनिट बदलायचं असेल तर पार्ट आल्यावर काम संपत नाही. ते तुमच्या चासी नंबरवर आणि इमोबिलायझरवर (किल्ली ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) ऑनलाइन प्रोग्राम करावं लागतं. त्या वेळी बॅटरीला स्थिर चार्जर लावलेला हवा; मध्येच व्होल्टेज पडलं तर नवं युनिट निकामी होऊ शकतं. म्हणून पार्ट आल्याचा फोन आला की प्रोग्रामिंग कोण करणार आणि कोणत्या दिवशी, हे ठरल्यावरच गाडी न्या.

ॲडव्हायझरला हा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि तोच ईमेलने वर्क्स मॅनेजरला:

‘नमस्कार. गाडी क्र. …, जॉब कार्ड क्र. …, दि. … रोजी दिलेली. कृपया आज कळवा: १) दोष निश्चित झाला का, काय आढळलं, २) क्लेम कधी पाठवला, मंजुरीची स्थिती, ३) पार्ट नंबर, ऑर्डर नंबर, ऑर्डरची तारीख व प्रकार, ४) काम कोणत्या दिवशी हाती घेणार, ५) गाडी सध्या कुठे उभी आहे.’

पाचवा प्रश्न मुंबईत विसरू नका. शोरूम वांद्र्याला असतं, वर्कशॉप साकीनाक्याच्या किंवा तुर्भ्याच्या गल्लीत, आणि जागा संपली की थांबलेल्या गाड्या रस्त्यावर किंवा लांबच्या यार्डात जातात. ई-चलान मात्र तुमच्या नावावर येतं. गाडी देताना चारही बाजू, टायर, सीट, किलोमीटर यांचे फोटो काढा. पावसाळ्यात यार्ड सखल भागात नाही ना ते विचारा. महिनाभर उभी राहणार असेल तर १२ व्होल्टची बॅटरी उतरू नये याची जबाबदारी त्यांची, हे लेखी असू द्या.

दुसऱ्या वर्कशॉपला जायचं असेल तर अधिकार तुमचा आहे. वॉरंटी कंपनीची असते. गाडी जिथून घेतली त्याच डीलरने काम करायला हवं असं नाही. फक्त पहिल्या ठिकाणचा क्लेम रद्द आणि जॉब कार्ड बंद करून घ्या. नाहीतर सिस्टीममध्ये त्याच चासी नंबरवर जुना क्लेम दिसतो आणि नवा अडकतो.

गाडी ताब्यात घेताना

घाईत किल्ली घेऊ नका. दोष ज्या परिस्थितीत यायचा त्याच परिस्थितीत टेक्निशियनला शेजारी बसवून गाडी चालवा. एसीचं काम असेल तर इंजिन तापल्यावर, रिसर्क्युलेशन लावून, गाडी उभी ठेवून मधल्या व्हेंटशी थर्मामीटर धरा. बाहेर ३२ अंश असताना साधारण ७ ते १२ अंश यायला हवेत. बिल शून्य रुपयांचं असलं तरी मागा, आणि त्यावर बदललेल्या पार्टचा नंबर, केलेलं काम, आढळलेला दोष छापलेला असू द्या. तोच दोष तिसऱ्यांदा आला तर हीच बिलं बोलतात. काढलेला जुना पार्ट वॉरंटीत तुम्हाला मिळत नाही, कंपनी तो तपासणीला मागवते. त्याचा फोटो मात्र काढता येतो. एसीचा गॅस, कूलंट, ऑइल यांचे पैसे लावले असतील तर ते वॉरंटीच्या कामासाठीच लागले होते का विचारा, आणि बुकलेटमधलं कलम दाखवायला सांगा.

वर जायची वेळ

दिलेली तारीख टळली, की ॲडव्हायझर, वर्क्स मॅनेजर, डीलरचा सर्व्हिस हेड, मग कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र, या क्रमाने जा. प्रत्येक पायरीला दोन-तीन कामाचे दिवस द्या. कंपनीकडे तक्रार क्रमांक मिळाला की एरिया सर्व्हिस मॅनेजरला उत्तर द्यावं लागतं. मंजुरीची रांग बहुधा इथेच हलते. पर्यायी गाडी किंवा टॅक्सीचं भाडं बहुतेक वॉरंटीत लिहिलेलं नसतं, तरी लेखी मागा. वाढीव वॉरंटी किंवा मोफत सर्व्हिस मिळणं शक्य असतं. दोष अनेक गाड्यांत येत असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं, आहे का बघा. मोटार वाहन कायद्यातल्या कलम ११० अ नुसार सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं.

तरी उत्तर नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत तक्रार नोंदवा. मुंबई ग्राहक पंचायतीचं तक्रार मार्गदर्शनही घेता येतं. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोग. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच जाते. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथे दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते. शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. मुदत दोन वर्षांची. डीलर आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिने दिलेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. वरच्या पाच प्रश्नांची तारखांसकट उत्तरं, किंवा उत्तर न आल्याचे मेसेज, नोटिशीला जोडा.

टॅक्सी परमिटवर गाडी चालवणाऱ्यांनी एक अधिक करायचं. व्यापारी वापर म्हणून तुम्ही ‘ग्राहक’ नाही असा बचाव समोरून येतो. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी गाडी घेतली असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. म्हणून स्वतःचा बॅज, परमिट, एकच गाडी असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. गाडी बंद पडण्याआधीच्या तीन महिन्यांची ॲपवरची कमाई आणि कर्जाच्या हप्त्यांचं बँक स्टेटमेंटही द्या, म्हणजे बुडालेल्या दिवसांची भरपाई आकड्यात मागता येते. व्यावसायिक वापराच्या गाडीला वॉरंटीची मुदत किंवा किलोमीटर काही कंपन्या कमी देतात. परमिट काढण्याआधीच बुकलेटमधलं ते पान डीलरकडून सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा.